एएमटीचं जुनं ‘एंटरप्राइज’ पुन्हा उभं करताना

‘स्टार ट्रेक’ ही मालिका १९६६ साली अमेरिकेच्या टीव्हीवर आली आणि त्याच सुमारास मिशिगन राज्यातल्या ट्रॉय गावच्या एएमटी कंपनीने मालिकेतल्या एंटरप्राइज यानाचं प्लॅस्टिक किट काढलं. एएमटीचा मुख्य धंदा मोटारींच्या किटांचा. पण हे यान इतकं खपलं की साच्यात फेरफार करत, बॉक्स बदलत ते पुढे कित्येक दशकं बाजारात राहिलं. आज एएमटी हे नाव राउंड २ या कंपनीकडे आहे आणि तेच किट नव्या बॉक्समध्ये अजूनही मिळतं. लांबी साधारण १८ इंच, म्हणजे ४५-४६ सेंटिमीटर. प्रमाण अंदाजे १:६५०.

हा लेख नव्या बॉक्सवाल्यांसाठी नाही. कुणाच्या तरी अमेरिकेतल्या काकांनी आणलेलं, पोरवयात ट्यूबमधला गोंद फासून जोडलेलं, पिवळं पडलेलं, इंजिनं खाली मान टाकून बसलेलं आणि कपाटावर धूळ खात असलेलं जे ‘एंटरप्राइज’ असतं, त्याच्यासाठी आहे. तुमच्याकडे सुरुवातीच्या वर्षांतला न उघडलेला बॉक्स असेल, तर त्याला हात लावू नका. तो संग्राहकाचा माल आहे. काम करायला जोडलेलं, मोडकं मॉडेलच बरं. ते बिघडायचं तेवढं बिघडून झालेलं असतं.

पुढे वापरलेली नावं आधी सांगून टाकतो. वरची चपटी गोल ती बशी. खालचं लांबट ते धड. दोन्हींना जोडणारी मान. धडाच्या पाठीतून तिरके वर गेलेले दोन पातळ खांब म्हणजे पायलन, आणि त्यांच्या टोकांवरची दोन लांब नळकांडी म्हणजे नॅसेल.

कोणतं यान करायचं आहे?

हत्यारं काढण्याआधी हा प्रश्न सोडवा, कारण पुढचे सगळे निर्णय यावर अवलंबून आहेत. ज्या वर्षी ते जोडलं गेलं त्या वर्षीचं किट तुम्हाला परत हवंय, की पडद्यावर दिसणारं यान हवंय? दोन्ही एका मॉडेलमध्ये होत नाहीत. किटची बशी, धडाचे बाक, नॅसेलची टोकं पडद्यावरच्या यानाशी तंतोतंत जुळत नाहीत. पहिला पर्याय घेतलात तर हे फरक जपायचे, दुसरा घेतलात तर झाकायचे. अर्धवट दोन्ही केलं की धड हे ना ते.

याबाबतीत खुद्द चित्रीकरणाच्या मॉडेलची गोष्ट डोळ्यांसमोर ठेवावी. मॅट जेफ्रीज यांच्या रेखाटनांवरून १९६४ मध्ये बनवलेलं ते मॉडेल ११ फुटांहून लांब आहे, लाकूड, प्लॅस्टिक आणि धातूचं. १९७४ साली ते स्मिथसोनियन या अमेरिकेतल्या संग्रहालय-संस्थेकडे गेलं आणि त्यानंतर त्याची एकाहून अधिक वेळा डागडुजी झाली. १९९१ च्या वेळी पत्र्यांच्या जोडांच्या रेषा अंगभर इतक्या ठळक काढल्या गेल्या की जाणकार वर्षानुवर्षं कुरकुरत राहिले. पुढची डागडुजी २०१६ मध्ये पूर्ण झाली. तेव्हा संस्थेने लोकांकडून १९७६ च्या आधीचे फोटो मागवले, मॉडेलचे क्ष-किरण फोटो काढले, रंगाचे थर तपासले आणि मगच ब्रश हातात घेतला. बशीच्या वरच्या बाजूला मूळचा रंग टिकून होता, तो त्यांनी तसाच ठेवला आणि बाकीचं यान त्याला जुळवलं. आपल्याकडे क्ष-किरण यंत्र नसलं तरी क्रम तोच ठेवता येतो: आधी बघणं, मग ठरवणं, मग करणं. आणि जे मूळचं चांगलं आहे त्याला हात न लावणं.

तपासणी

मॉडेल धुण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढा. डेकल, म्हणजे पाण्याने चिकटवायची अक्षरं, वापरायची राहिलेली असोत की यानावर लावलेली, ती ६०० डीपीआयवर स्कॅन करा. यानावरची स्कॅनरवर बसत नाहीत, तर शेजारी मिलिमीटरची पट्टी धरून सरळ समोरून फोटो घ्या. एकदा रंग उतरवायला बसलात की ही अक्षरं परत दिसणार नाहीत.

मग एकेक जोड बोटांनी हलवून बघा. या किटचा जगजाहीर दुखणाईत अवयव म्हणजे पायलनचं बूड. धडाच्या खाचेत बसणारी जीभ लहान आणि टोकाला नॅसेलचं अख्खं वजन, त्यामुळे काही वर्षांत गोंद सुटतो आणि नॅसेल फाकतात किंवा खाली झुकतात. कुठला जोड घट्ट आहे, कुठला सुटलाय, कुठे तडा आहे, हे फोटोच्या प्रिंटवर लाल पेनाने मांडा. पारदर्शक भाग वेगळे नोंदवा, त्यांची निगा वेगळी.

जोड उघडणं

जुन्या ट्यूबच्या गोंदाचा एक फायदा आहे. वर्षं जातात तसा तो ठिसूळ होतो. मॉडेल प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा. सकाळी बाहेर काढल्याबरोबर जोडाच्या दोन्ही बाजू धरून हलकेच पिळा. बरेचदा ‘टक्’ असा आवाज येऊन जोड सुटतो. सुटला नाही तर जोर लावू नका. पातळ रेझर सॉने जोडाच्या रेषेतूनच सावकाश कापा. हॅकसॉचं पातं वापरायचा मोह होईल, पण ते जाड असतं आणि आपल्याबरोबर बरंच प्लॅस्टिक घेऊन जातं.

फेविक्विकने जोडलेलं असेल तर तेही गारठ्यात सुटतं. नेलपॉलिश रिमूव्हर किंवा ॲसिटोन मात्र जवळपासही आणू नका. फेविक्विक विरघळतं हे खरं, पण किटचं पॉलिस्टायरीन त्याच्याही आधी विरघळतं.

सगळेच जोड उघडायची गरज नसते. दिवे बसवायचे असतील तर बशी आणि धड उघडावंच लागेल. नुसता रंग आणि नॅसेल सरळ करायचे असतील, तर जो जोड घट्ट आहे तो तसाच राहू द्या.

जुना रंग उतरवणं

इथे घाई नडते. रंग कशाचा आहे हे कळल्याशिवाय कुठलंही द्रावण ओतू नका. कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल, शक्यतो ९९ टक्क्यांचं, घेऊन आतल्या बाजूला घासून बघा. ॲक्रिलिक असेल तर काडी लगेच रंगते. मग काम सोपं: भाग त्यात काही तास भिजवा आणि जुन्या टूथब्रशने घासा. खोलीत खेळती हवा हवी आणि जवळपास गॅस पेटलेला नको, हे पटकन पेट घेतं. पारदर्शक भाग मात्र अल्कोहोलमध्ये बुडवून ठेवू नका, बारीक तडे जाऊ शकतात.

अमेरिकेतून आलेल्या जुन्या मॉडेलवर बहुतेक वेळा एनॅमल असतं. अल्कोहोलला ते दाद देत नाही. त्याला कॉस्टिक सोडा लागतो. एनॅमल तेलाच्या आधाराने धरून बसतं आणि कॉस्टिक त्या तेलाचा साबण करून टाकतो, म्हणून रंग सुटतो. पॉलिस्टायरीनला त्याने काही होत नाही. एक लिटर गार पाण्यात साधारण ५० ग्रॅम सोडा पुरतो. सोडा पाण्यात टाकायचा, पाणी सोड्यावर कधीच ओतायचं नाही, कारण तो विरघळताना चांगलाच तापतो. बादली प्लॅस्टिकची घ्या. ॲल्युमिनियमच्या पातेल्यात कॉस्टिक गेला की पातेलं खातो आणि हायड्रोजन सोडतो. कोपरापर्यंत रबरी हातमोजे आणि डोळ्यांवर बंद बाजूंचा चष्मा, यात तडजोड नाही. घरात लहान मुलं असतील तर बादलीला झाकण लावून ती कुलपात ठेवा. रात्रभर भिजलेला रंग सकाळी सालीसारखा निघतो. मग भरपूर पाण्याने धुवा, कोपऱ्यांतून ब्रश फिरवा.

ब्रेक ऑइलने रंग उतरतो असं बरेच जण सांगतात. उतरतो, पण घाण फार, वास फार आणि जुनं प्लॅस्टिक त्यात कधीकधी ठिसूळ होतं. मी वापरत नाही.

धुऊन झालं की प्लॅस्टिक उघडं पडतं आणि पूर्वीच्या जोडणाऱ्याचा हात दिसायला लागतो. माझ्याकडच्या बशीच्या आतल्या बाजूला, गोंदात वितळून बसलेला अंगठ्याचा पूर्ण ठसा होता. लहान मुलाचा, रेषान्‌रेषा स्पष्ट. बाहेरचे ठसे घासून काढावे लागतात, आतले राहिले तर कुणाचं काही अडत नाही. तिथे मी पॉलिश पेपर फिरवला नाही.

एखादा भाग पिळवटला असेल तर पाणी उकळी येण्याआधी उतरवा, भाग त्यात अर्धा मिनिट धरा, हाताने सरळ करा आणि तसाच धरून गार पाण्याखाली न्या. एकदम नाही, दोन-तीन वेळा थोडं थोडं. पॉलिस्टायरीन १०० अंशांच्या आसपास मऊ पडतं, त्यामुळे खळखळत्या पाण्यात टाकलंत तर सरळ होण्याऐवजी नवा बाक घेऊन बाहेर येईल.

नॅसेल सरळ करणं

सगळ्या कामाचा कणा हाच. नुसता नवा गोंद लावून नॅसेल उभे राहतील, पण काही वर्षांनी परत झुकतील. भार प्लॅस्टिकच्या जिभेवरून काढून धातूवर न्यायला हवा.

पायलनची जाडी कॅलिपरने मोजा. आत घालायची सळी त्या जाडीच्या निम्म्याहून जास्त नको. पितळी सळी चालते. त्याहून ताठ हवी तर सायकलच्या दुकानात चाकाची तार मिळते, ती साधारण २ मिलिमीटरची असते. तेवढी जाडी सोसत नसेल तर बारीक पियानो वायर घ्या. पायलनच्या मागच्या कडेला, म्हणजे यान समोरून बघताना दिसणार नाही अशा बाजूला, वरपासून खालपर्यंत एक खाच पाडा. दोन्ही पायलनसाठी एकच सळी इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखी वाकवा आणि तिचं टोक धडाच्या आत उतरू द्या. आता एका नॅसेलचं वजन दुसऱ्या नॅसेलला तोलतं आणि धडाला फक्त मधला बाक धरावा लागतो.

कोन डोळ्यांनी ठरवू नका. यानाचं समोरून काढलेलं चित्र मॉडेलच्या मापात छापा, जाड पुठ्ठ्यावर चिकटवा, आणि नॅसेल व धड बसतील अशा खाचा कापा. हा पुठ्ठ्याचा साचा मॉडेलला पुढून आणि मागून असे दोन ठिकाणी अडकवला की सगळं आपोआप जागेवर येतं. मग सळीभोवतीचं प्लॅस्टिक खरवडून अरॅल्डाइट भरा. पाच मिनिटांत घट्ट होणारं नको, सावकाश सुकणारं घ्या, ते जास्त बळकट होतं. चिकटण्याआधी एक शेवटची तपासणी: बशीच्या पुढच्या टोकाच्या मध्यावर दोरा टाचणीने धरा आणि डाव्या नॅसेलच्या टोकापर्यंत ताणा, तोच दोरा उजव्या टोकापर्यंत न्या. दोन्ही अंतरं सारखी हवीत. वरून बघितलं की नॅसेल एकमेकांना समांतर हवेत. यात २ मिलिमीटरचा फरकसुद्धा खोलीच्या दारातून दिसतो.

दिवे बसवायचे असतील तर खाच भरण्याआधी पुढचा दिव्यांचा भाग वाचा. तारा याच खाचेतून जातात.

फटी, खड्डे आणि बशीवरच्या रेषा

प्लॅस्टिक प्लॅस्टिकला जोडायला पातळ लिक्विड सिमेंट वापरा. ते दोन्ही कडा विरघळवून एकजीव करतं, म्हणून जोडावर नुसतं ब्रशचं टोक टेकवायचं, ते आपोआप आत शोषलं जातं. तुटलेल्या जागी नवा तुकडा लागला तर तळाशी त्रिकोणात ६ हा आकडा असलेला डबा किंवा कप शोधा, तो पॉलिस्टायरीनचा असतो आणि सिमेंटने जुळतो. जुनं एटीएम कार्ड कापून वापरणारे पुष्कळ. कार्ड पीव्हीसीचं असतं, त्याला सिमेंट धड लागत नाही, फेविक्विक लागतं.

बारीक फटींना गॅरेजवाल्यांची एनसी लांबी, म्हणजे पुटी, चालते, पण पातळ थरात. जाड लावली तर तिच्यातलं थिनर प्लॅस्टिक मऊ करतं आणि आठवड्याने तिथेच खळगा पडतो. मोठ्या भगदाडांना एम-सील. घासायला ४०० चा वॉटर पेपर, मग ६००, मग १०००, कायम पाण्यातून.

बशीवर साच्यातूनच आलेल्या रेषांचं जाळं ही या किटची खूण आहे आणि वादाचा मुद्दाही. चित्रीकरणाच्या मॉडेलवर बशीच्या रेषा पेन्सिलीने काढलेल्या होत्या. त्या कॅमेऱ्यात जेमतेम दिसत. किटवरच्या रेषा १:६५० च्या हिशोबाने फार ढोबळ आहेत. पडद्यावरचं यान हवं असेल तर त्या घालवा, उठून आलेल्या असतील तर घासून, खोल असतील तर लांबी भरून. कंटाळवाणं काम आहे, दोन-तीन बैठकांत वाटून घ्या. आणि तुम्ही पहिला पर्याय निवडला असेल, म्हणजे त्या काळचं किटच परत उभं करताय, तर त्या रेषा तशाच ठेवा. त्यांच्याशिवाय ते एएमटीचं किट राहत नाही.

दिवे

सुरुवातीच्या बॉक्समध्ये बारीक बल्ब आणि बॅटरीची सोय होती, नंतरच्या आवृत्त्यांमधून ती काढून टाकली. तुमच्या मॉडेलमध्ये जुने बल्ब निघाले तर एका पाकिटात जपून ठेवा. परत वापरू नका, ते तापतात आणि जळाले की बदलायला अख्खं यान फोडावं लागतं.

पुरवठा मोबाइलच्या चार्जरचा ५ व्होल्ट घ्या. खिडक्या आणि बशीवरच्या घुमटासाठी ३ मिलिमीटरचे वॉर्म व्हाइट एलईडी. असा एलईडी साधारण ३ व्होल्ट खातो, उरलेल्या २ व्होल्टसाठी प्रत्येकाला ४७० ओहमचा रेझिस्टर लावला की सुमारे ४ मिलिअँपिअर मिळतात. पॅकेटवर २० लिहिलेलं असतं, पण मॉडेलच्या आत ४ पुरेसे. जास्त दिलेत तर खिडक्यांऐवजी प्लॅस्टिकच उजळतं.

तारेसाठी मोटार रिवाइंडिंग करणाऱ्याकडून ३६ गेजची वाइंडिंग वायर मागा, तो वितभर गुंडाळी बहुधा फुकट देईल. ही तांब्याची तार जेमतेम ०.२ मिलिमीटर जाड असते आणि वर इनॅमलचा लेप असल्याने एकमेकींना टेकल्या तरी शॉर्ट होत नाही. पायलनच्या खाचेत सळीशेजारी अशा सहा तारा आरामात बसतात. डाग द्यायच्या जागी लेप खरवडायला विसरू नका. एलईडी आणि आयसी मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत सहज मिळतात.

आता नॅसेलच्या पुढची घुमटाकार टोपणं. मालिकेच्या पायलट भागांत, म्हणजे मालिका सुरू होण्याआधी नमुन्यादाखल केलेल्या भागांत, ती लाकडी, रंगवलेली होती, पुढे एक टोकदार काटा असलेली. तुम्ही पायलटमधलं यान करत असाल तर इथे दिवे लागतच नाहीत, हा परिच्छेद सोडून द्या. पुढे मालिका सुरू झाली तेव्हा त्या जागी पारदर्शक घुमट आले, आणि आत लुकलुकणाऱ्या बल्बांपुढे मोटारीने फिरणारी पाती लावली गेली. एवढ्याशा नॅसेलमध्ये मोटार बसवण्यापेक्षा फिरण्याचा भास करणं सोपं. प्रत्येक नॅसेलमध्ये पाच पिवळसर एलईडी वर्तुळात लावा आणि ते एकामागून एक पेटू द्या. त्यासाठी ५५५ टायमर आणि ४०१७ काउंटर अशी दोन आयसींची, म्हणजे चिपांची, जुनी जोडी आहे. ५५५ ला १० किलोओहम, ६८ किलोओहम आणि १ मायक्रोफॅरड दिले की सेकंदाला जवळपास १० ठोके पडतात. ४०१७ चे पहिले पाच आउटपुट म्हणजे ३, २, ४, ७ आणि १० नंबरचे पाय. सहावा आउटपुट १ नंबरच्या पायावर असतो, तो १५ नंबरच्या रीसेटला जोडा, म्हणजे पाचावर मोजून परत पहिल्यापासून सुरू. १३ नंबर जमिनीला, म्हणजे निगेटिव्हला. पाच दिव्यांची फेरी सेकंदाला दोनदा होते, डोळ्याला छान वाटते.

५ व्होल्टवर ४०१७ चा आउटपुट अशक्त असतो, म्हणून प्रत्येकावर एक बीसी५४७ ट्रान्झिस्टर, बेसला ४.७ किलोओहम. दर एलईडीला वेगळा रेझिस्टर लागत नाही. एका वेळी एकच पेटणार असल्याने प्रत्येक नॅसेलच्या सामाईक पॉझिटिव्ह तारेत एकच ३३० ओहम पुरतो. दोन्ही नॅसेल त्याच पाच ट्रान्झिस्टरवर चालतात. एका बाजूच्या तारांचा क्रम उलटा लावलात तर दोन्ही चक्रं विरुद्ध दिशांनी फिरतील.

घुमट आतून १००० च्या पेपरने घासून धुरकट करा आणि टामिया या जपानी कंपनीचा पारदर्शक नारिंगी रंग, एक्स-२६, आतूनच लावा. नाहीतर पाच सुटे ठिपके दिसतात आणि भास मोडतो.

बशीच्या कडेचे दिवे, डावा लाल आणि उजवा हिरवा. त्यांना सर्किटच नको. स्वतःहून लुकलुकणारे एलईडी मिळतात, किंवा सरळ स्थिर ठेवा.

खिडक्या ०.८ ते १ मिलिमीटरच्या ड्रिलने हाताने पाडा. सगळ्या नाही. यानात काही माणसं झोपलेली असणारच, तिसऱ्या हिश्शाच्या खिडक्या काळ्या ठेवल्या की जिवंतपणा येतो. भोकं फेविकॉलने भरा, सुकल्यावर बऱ्यापैकी पारदर्शक होतो.

आता प्रकाशगळती. पांढरं प्लॅस्टिक आतून उजेड जाऊ देतं, आणि दिवा लावल्यावर अख्खी बशी कंदिलासारखी पेटते. उपाय एकच: आतून आधी काळ्या रंगाचे दोन हात, त्यावर पांढरा. काळा उजेड अडवतो, पांढरा तो खिडक्यांकडे परतवतो. ॲल्युमिनियमची चिकटपट्टीही चालते, फक्त ती वीज वाहते, उघडे डाग तिला टेकले तर काम संपलं.

सर्किट यानात कोंबू नका, स्टँडच्या खोक्यात ठेवा. नॅसेलच्या पाच तारा, पॉझिटिव्ह, जमीन आणि एक जास्तीची, अशा आठ तारा पितळी नळीतून वर नेल्या की पुढे काहीही बिघडलं तरी यान फोडावं लागत नाही. धड बंद करण्याआधी सगळे दिवे रात्रभर चालू ठेवा. जो मरायचा तो त्या रात्रीच मरू दे.

रंग

आधी राखाडी प्रायमर, पातळ फवाऱ्यात. हार्डवेअरच्या दुकानातला एनसी स्प्रे प्लॅस्टिकवर चावू शकतो, म्हणून आधी टाकाऊ तुकड्यावर मारून बघा, आणि लांबून, कोरड्या धुळीसारखे हलके हात द्या. प्रायमर लागला की फटी दिसतात. त्या परत भरा. हे दोन-तीनदा होणारच.

यान पांढरं नाही. चित्रीकरणाच्या मॉडेलचा रंग हिरवट झाक असलेला फिकट राखाडी आहे. टामियाचा पांढरा एक्सएफ-२ आणि त्यात थोडा थोडा एक्सएफ-१४ मिसळत जा, खोलीतल्या उजेडात बघून थांबा. छोट्या मॉडेलवर रंग खऱ्यापेक्षा किंचित फिकट ठेवावा, नाहीतर जड वाटतं. धडाच्या पुढची थाळी तांबूस. 

पावसाळ्यात लॅकरचा स्प्रे टाळा. मुंबई-कोकणात जुलैमधली हवा अशी ओली असते की सुकताना रंगावर पांढुरकी झाक धरते. तोवर सोल्डरिंग उरकून घ्या.

बशीच्या रेषा काढायच्या असतील तर ०.३ मिलिमीटरची यांत्रिक पेन्सिल, २एच किंवा त्याहून कडक शिसं. कंपासचं टोक घुमटाच्या जागी चिकटवलेल्या तुकड्यावर टेकवा, बशीवर नाही. रेषा हातभर अंतरावरून दिसल्या तर त्या गडद झाल्या. लगेच मॅट क्लिअरचा हलका हात द्या, नाहीतर बोटाने पुसट होतात.

अक्षरं

जुनी डेकल पिवळी पडली असतील तर पारदर्शक पिशवीत घालून उन्हाच्या खिडकीला चिकटवा. काही दिवसांत उन्हाने पिवळेपणा उतरतो. मग एक नको असलेला तुकडा कोमट पाण्यात टाकून बघा. पाण्यात तुकडे तुकडे होत असेल तर पूर्ण पानावर ग्लॉस क्लिअरचा फवारा मारून नवा पापुद्रा द्या आणि प्रत्येक अक्षर जवळून कापा. तरीही जमलं नाही तर तुमचं ६०० डीपीआयचं स्कॅन आहेच, डेकल पेपरवर छापून घ्या. काळी अक्षरं साध्या प्रिंटरवर होतात, पांढरी होत नाहीत.

डेकल लावायच्या जागी आधी ग्लॉस क्लिअर हवा. खरखरीत मॅटवर लावलं की खाली हवा अडकते आणि चंदेरी कडा दिसते. मायक्रो सोल मिळालं तर उत्तम, ते डेकल मऊ करून पृष्ठभागावर बसवतं. लावल्यावर अक्षर आक्रसल्यासारखं दिसेल, घाबरून हात लावू नका, सुकलं की सपाट होतं.

मॉडेल वाचण्यापलीकडचं असेल तर

कधीकधी बशीला भेग, एक नॅसेल अर्धा, पायलन वितळलेला, अशी अवस्था असते. फेकू नका. १९६७ साली मालिकेच्या ‘द डूम्सडे मशीन’ या भागात अंतराळात भरकटलेलं उद्ध्वस्त जहाज दाखवायचं होतं, एंटरप्राइजचंच भावंड, यूएसएस कॉन्स्टेलेशन. त्यासाठी कुणी नवं मॉडेल बनवलं नाही. एएमटीचं हेच किट घेतलं, जाळलं, मोडलं आणि कॅमेऱ्यापुढे टांगलं. म्हणजे या एका जहाजासाठी तुमच्या किटचा आकार पडद्यावरच्या आकाराशी अगदी बरोबर जुळतो. रेषा घासायला नकोत, बाक सुधारायला नकोत.

भगदाड पाडायची जागा आधी आतून खरवडून कागदाइतकी पातळ करा. मग सोल्डरिंग आयर्नचं गरम टोक बाहेरून जवळ न्या, टेकवू नका. पातळ प्लॅस्टिक स्वतःच आक्रसून फाटतं आणि कडा वितळल्यासारख्या वळतात. हे उघड्या गच्चीवर करा, धूर विषारी आहे. फाटलेल्या कडांमागे बिस्किटाच्या पुड्यातल्या चांदीचे चुरगळलेले तुकडे लावले की मोडलेला पत्रा वाटतो. कोरड्या ब्रशने काळा आणि गंजी तपकिरी रंग, भगदाडाच्या आसपासच, बाकी यान राखाडी राहू दे. दिवे नकोतच, हे जहाज मेलेलं आहे.

नंबरासाठी वेगळी डेकल शोधू नका. मालिकेवाल्यांनी किटमधले एंटरप्राइजच्या १७०१ या नंबराचे आकडे कापून उलटसुलट लावले होते, म्हणून कॉन्स्टेलेशनचा नंबर एनसीसी-१०१७ आहे. तुमच्या जुन्या पानावरही तेच चार आकडे आहेत.